फड बदलला, नातं तुटलं नाही



“आमचं असंच चालत आलंय.” हे वाक्य आपल्या घरात, शेतात, दुकानात किती सहज ऐकू येतं! त्यात वाडवडिलांविषयी आदर असतो. पण कधी कधी त्या आदराच्या आड भीती आणि आळसही लपून बसतो. “आता या वयात काय शिकायचं?” असं म्हणून आपण तिथेच थांबतो. दिवसभर राबतो, पण पुढे सरकत नाही.

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात ३८ वर्षे आजारी असलेला एक माणूस तळ्याकाठी पडून आहे. तुला बरं व्हायची इच्छा आहे का, असं येशू त्याला विचारतो. तो ‘होय’ म्हणत नाही; आजवर का जमलं नाही, ते सांगतो. आपलंही पुष्कळदा असंच होतं. कारणं तयार असतात, इच्छा मात्र तपासलेली नसते.

आपल्या खानदेशच्या मातीत या बाबतीत शिकण्यासारखं बरंच आहे.

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. या पद्धतीत बंधाऱ्याखालची जमीन साधारण चार फडांत विभागलेली असते. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचं आणि कोणत्या फडात कोणतं पीक, हे आळीपाळीने बदलायचं. पाटकरी सर्वांच्या शेताला क्रमाने पाणी देतो. पाणी कमी असलं तर एखादा फड त्या वर्षी कोरडाच ठेवतात. बहुतेकांची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असल्याने तोटा सर्वांमध्ये वाटला जातो. म्हणजे ज्यांचं नाव घेऊन आपण बदल नाकारतो, त्या पूर्वजांनी बदल हाच नियम करून ठेवला होता!

आता जळगावकडे पाहू. रावेर-यावलच्या पट्ट्यात पूर्वी केळीचे कंद लावत आणि पाटाने मोकळं पाणी देत. केळीसारख्या तहानलेल्या पिकाला थेंबा-थेंबाने पाणी कसं पुरणार, ही शंका साहजिकच होती. पण विहिरींची पातळी खोल जात होती. मग ठिबकच्या नळ्या आल्या. पाणी आणि खत थेट मुळाशी जाऊ लागलं. पुढे टिश्यू कल्चरची रोपं आली आणि जे पीक हाती यायला दीड वर्षापर्यंत लागे, ते वर्षभराच्या आसपास येऊ लागलं. लावण्याची रीत बदलली, पण केळी जळगावचीच राहिली. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं.

नवी रीत पटायला भाषण पुरत नाही. शेजारच्या बांधावरून उभं पीक दिसतं, तेव्हा मन वळतं. आपल्या स्वभावाचंही असंच आहे. सगळं आयुष्य एकदम बदलायला निघालो की आठवड्यात थकतो. म्हणून आधी एक लहान तुकडा निवडावा: रात्रीचा अर्धा तास, एखाद्याशी तुटलेलं बोलणं किंवा मुलाकडून शिकायचं राहिलेलं एखादं काम. तेवढ्यापुरता बदल एक हंगाम नेटाने करून पाहावा. शिवाय तो एकट्याने करू नये. फडातला शेतकरी एकटा पीक ठरवत नाही. आपणही घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवावं, म्हणजे ढिलाई आली की विचारणारं कुणी असेल.

प्रत्येक जुनी गोष्ट टाकावी असं मुळीच नाही. फड पद्धत जुनी आहे, तरी तिच्यातली वाटून घेण्याची रीत आजही मोलाची आहे. काय राखायचं आणि काय बदलायचं, हे शांतपणे ठरवावं लागतं. ते न ठरवता नुसतं थांबून राहणं म्हणजे परंपरा जपणं नव्हे.

मननासाठी:
१. “असंच चालत आलंय” असं मी कोणत्या बाबतीत म्हणतो? त्यामागे आदर आहे की भीती?
२. या आठवड्यात मी कोणता लहान तुकडा बदलून पाहीन?
३. त्याविषयी घरातल्या कुणाला सांगेन?