पहिल्या आठवड्यातला स्कॅन

चि. भाचीस,


गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) रेडिओलॉजीला लागलीस, घरात सगळ्यांना आनंद झाला. पेडण्याचा गंभीर रुग्ण तुयें, म्हापसा करत शेवटी तुमच्याकडे बांबोळीलाच येतो. त्यातल्या एकाविषयी आज लिहायचं आहे.

ल्युकेमियाच्या रुग्णाला केमोनंतर ताप येतो, पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात, चार दिवस अँटिबायोटिक देऊनही ताप हटत नाही. एक्स-रे स्वच्छ दिसला तरी इथे सीटी हवाच. अ‍ॅस्परजिलस बुरशी भाताच्या पेंढ्यात असते, ओल्या भिंतीवर असते. धडधाकट माणसाच्या श्वासातून ती रोज आत जाते, काही बिघडत नाही. या रुग्णाच्या फुप्फुसात मात्र ती रक्तवाहिनीत घुसते आणि रक्तपुरवठा तोडते. मेलेल्या भागाची गाठ, भोवती रक्तस्रावाची धूसर कडा: सीटीवर दिसणारा ‘हेलो’ तो हाच.

२००७ साली ग्रीन आणि सहकाऱ्यांनी या बुरशीचा संसर्ग झालेल्या २३५ रुग्णांचे सुरुवातीचे सीटी पाहिले. हेलो असलेल्यांपैकी ७१ टक्के १२ आठवड्यांनंतर हयात होते, इतरांपैकी ५३ टक्के. कडा कुणाला वाचवत नाही. ती लवकर उमटते आणि लवकर पुसली जाते, म्हणून ती दिसली म्हणजे बहुधा आजार वेळेत हाती लागला.

पुढचं जास्त महत्त्वाचं. फ्रान्सच्या काय्यो यांनी २००१ मध्ये अशाच २५ रुग्णांचे स्कॅन पुन्हा पुन्हा तपासले. बुरशीवरचं औषध चालू असतानाही पहिल्या आठवड्यात गाठींचं आकारमान सुमारे चौपट झालं, मग थबकलं. तेव्हा ‘वाढ झाली’ असं लिहिण्याआधी उपचाराचा कितवा दिवस आणि न्यूट्रोफिल किती, हे विचारून घे. ‘वाढलंय’ एवढंच कानावर पडलं की नातेवाईक रुग्णाला घरी न्यायची भाषा करू लागतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी परतल्या की गाठीत हवेची चंद्रकोर दिसते. चिन्ह चांगलं; पण गाठ मोठ्या धमनीला लागून असेल तर याच दिवसांत खोकल्यातून जीवघेणं रक्त पडू शकतं. तसं स्पष्ट लिही.

आणि उलटा हेलो, म्हणजे मध्ये धूसर, कडेला घट्ट कडं, दिसला तर म्युकर या दुसऱ्या बुरशीचा संशय धर. २०२१ मध्ये काळी बुरशी म्हणून लोकांनी तिचाच नाका-डोळ्यांचा आजार पाहिला. फुप्फुसातलाही घातकच. अ‍ॅस्परजिलसवरचं व्होरिकोनॅझोल तिथे चालत नाही, अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं. असा स्कॅन आला तर रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबू नकोस, आधी वॉर्डात फोन कर.

तुझा,
मामा