साखर बंद केली, पण तेलाचं काय?

शुगर निघाली की आपण चहातली साखर बंद करतो. तरी रिपोर्ट वाढलेलाच येतो. अशा वेळी कढईकडेही बघायला हवं.

रक्तातली साखर पेशींमध्ये पोहोचवण्याचं काम इन्सुलिन करतं. वनस्पती तूप, पामतेल, साय-लोणी यांतली घट्ट चरबी रोज जास्त झाली, की इन्सुलिनचा जोर कमी पडतो आणि साखर रक्तात साचते. करडई, सोयाबीन, सूर्यफूल यांच्या तेलातली पातळ चरबी त्या मानाने बरी.

पण चांगलं तेलही भरमसाट नको. माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे चौघांच्या घराला दोन लिटर पुरे. पिशवीतून थेट ओतू नका, चमच्याने मोजून घाला. भजी तळून उरलेलं तेल पुन्हापुन्हा तापवू नका. पामतेलच परवडत असेल, तर निदान तळण कमी करा. भाकरीसोबत जवसाची चटणी ठेवा.

तेल बदललं म्हणून गोळी बंद करू नका. तिशी ओलांडली असेल, तर सरकारी दवाखान्यात शुगर तपासून घ्या. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आली, तर डॉक्टरांना लगेच भेटा.