मूषक, ग्रंथी आणि श्वास : प्राणिजन्य श्वसनरोगांचा विचार

बदनापूर तालुक्यात तूर-हरभऱ्याची रास घरात आली की तिच्यामागोमाग उंदीर येतात; अंगणात कोंबड्या, ओसरीलगत शेळ्या असतातच. ज्वर-कासाच्या रुग्णास आपण आहार, कोष्ठ, निद्रा सारे विचारतो. घरातील प्राण्यांची चौकशी मात्र क्वचितच करतो. तिचे मोल शेजारच्या बीड जिल्ह्याने १९९४ साली दाखवून दिले.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये मामला या गावी प्रथम उंदीर मरू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि मग ज्वर व जांघेत गाठी असलेले रुग्ण दिसू लागले. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरत येथे फुफ्फुसाचा प्लेग प्रकट झाला व लाखो लोकांनी शहर सोडले. दोन्ही साथींचा परस्परसंबंध वादाचाच राहिला. देशात एकूण ८७६ संशयित रुग्ण व ५४ मृत्यू नोंदले गेले.

हा जंतू मुळात उंदरांचा. उंदीर मेला की पिसू दुसरे उबदार शरीर शोधते. तिच्या दंशानंतर २ ते ८ दिवसांत ज्वर व ग्रंथी उत्पन्न होतात. जंतू रक्तावाटे फुफ्फुसात पोहोचला की सारेच पालटते. मग उंदीर नको, पिसूही नको. रुग्णाच्या खोकल्याचे तुषार पुरतात. येथे संचयकाल १ ते ४ दिवसांचाच. श्वासकष्ट व सरक्त ष्ठीवन दिसते आणि लक्षणे सुरू झाल्यापासून २४ तासांत योग्य प्रतिजैविक न मिळाल्यास रुग्ण वाचण्याची आशा फार थोडी. अशा रुग्णास काढे देत थांबणे हा अक्षम्य कालापव्यय होय.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात १८ प्रकारचे मूषक व त्यांच्या विषाने होणारे ग्रंथी, शोथ, ज्वर वर्णिले आहेत. चरकसंहितेत जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात विकृत देशाच्या लक्षणांत उंदीर-डास-माश्यांचा बुजबुजाट व पशुपक्ष्यांची व्याकुळता सांगितली आहे. यावरून प्राचीनांना प्लेगचा जंतू ठाऊक होता असे म्हणणे अभिनिवेशाचे ठरेल. परंतु रोगी पाहण्याआधी देश पाहावा, हा दंडक आपलाच आहे.

पक्ष्यांबाबतही तेच. २००६ साली नवापूर येथे कोंबड्यांची मरतूक प्रारंभी राणीखेत समजली गेली. पुढे तो बर्ड फ्लू ठरला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या दगावल्या, तेव्हा हा रोग आपल्या सीमेपर्यंत आला होता. माणसास तो क्वचितच होतो, पण झाल्यास प्राणघातक ठरू शकतो. म्हणून ज्वर, कास व श्वास यांसोबत मेलेल्या पक्ष्यांशी किंवा उंदरांशी संपर्काचा इतिहास मिळाल्यास रुग्णास मास्क लावून वेगळे बसवावे, त्वरित शासकीय रुग्णालयात पाठवावे आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांस कळवावे. पक्षी मेले असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यासही वर्दी द्यावी.

औषधविक्रेत्या बंधूंस एक आठवण. १९९४ साली घबराटीने टेट्रासायक्लिनची अशी खरेदी झाली की सुरतेतील दुकानांत ते मिळेनासे झाले. आज फ्लूवरील ऑसेल्टामिविर शेड्यूल एच-१ मध्ये आहे; चिठ्ठीविना ते देऊ नये व त्याची स्वतंत्र नोंदवहीतील नोंद ३ वर्षे जपावी.

गावात आपोआप उंदीर पडत असल्यास ग्रामस्थ प्रथम उंदरांचे विष मागतात. त्यांस थांबवावे. आधी पिसवांसाठी कीटकनाशकाची फवारणी, मग उंदरांचा नाश. क्रम उलटल्यास आश्रय गमावलेल्या पिसवा माणसांकडेच वळतात.