पडद्यावर न दिसणारा चढ

जर्मनीच्या पश्चिम भागात आयफेल नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथे १९२५ ते १९२७ या काळात न्यूर्बुर्गरिंग हा मोटारशर्यतींचा मार्ग बांधण्यात आला. त्याच्या उत्तरेकडील फेऱ्याला नॉर्डश्लाइफे म्हणतात. त्याची लांबी जवळजवळ २०.८ किलोमीटर! दाट झाडीतून असंख्य वळणे घेत हा रस्ता जातो. २००४ साली जपानमध्ये निघालेल्या ‘ग्रान तुरिस्मो ४’ या व्हिडिओ खेळात तो बारकाव्यांसह उतरवला गेला. तेव्हापासून अनेकांनी जर्मनीत पाऊलही न ठेवता हा रस्ता पाठ केला आहे.

ठरलेल्या दिवशी पैसे भरून सामान्य माणसालाही या रस्त्यावर आपली मोटार नेता येते. खेळात तरबेज झालेली मंडळी तेथे जातात, तेव्हा पुढचे वळण डावे की उजवे हे त्यांना आधीच ठाऊक असते. पण एका गोष्टीने ती चकित होतात. रस्ता इतका चढउताराचा असेल असे त्यांना वाटलेलेच नसते!

मग खेळ तयार करणाऱ्यांनी चढ मोजताना चूक केली काय? नाही. या फेऱ्यावरील सर्वांत उंच व सर्वांत सखल जागांमध्ये सुमारे ३०० मीटरचा फरक आहे आणि तो खेळातही आहे. तो जाणवत नाही, याचे कारण आपल्या डोळ्यांत आणि कानांत शोधले पाहिजे.

आधी डोळ्यांचे पाहू. या मार्गावरील तीव्र चढ सुमारे १७ टक्के आहे. म्हणजे १०० मीटर पुढे जाताना १७ मीटर वर. कोनात सांगायचे तर साडेनऊ अंश. आता समजा, १ मीटर रुंदीचा पडदा तुमच्यापासून २ मीटरवर आहे. तो तुमच्या डोळ्यांशी जेमतेम २८ अंशांचा कोन करतो. त्यात ६० अंशांचे दृश्य कोंबले, तर समोरचा साडेनऊ अंशांचा चढ डोळ्याला चारएक अंशांचाच दिसणार. शिवाय मोटार चढाला लागली की खेळातला कॅमेराही तिच्याबरोबर कलतो. रस्ता पुन्हा पडद्याच्या मध्यावर येतो आणि उरलासुरला चढही नाहीसा होतो.

कानांची गोष्ट याहून मजेदार आहे. आपल्या अंतर्कर्णात दोन सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांतील संवेदी केसांवर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक बसलेले असतात. डोके कलले किंवा वेग बदलला की हे स्फटिक किंचित सरकतात, केस वाकतात आणि मेंदूला वर्दी जाते. खऱ्या मोटारीत त्या चढावर ५० किलोग्रॅम वजनाच्या मुलाच्या पाठीवर सुमारे ८ किलोग्रॅम वजनाइतका दाब येतो. घरच्या खुर्चीत? शून्य! डोळे ‘चढ आहे’ म्हणतात, कान ‘सपाट आहे’ म्हणतात.

या मार्गावर फुक्सर्योरे (कोल्ह्याचे बीळ) नावाचा खोल उतार आहे. त्याच्या तळाशी रस्ता एकदम वर वळतो. समजा, तेथे वेग ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर आहे आणि रस्त्याच्या वक्राची त्रिज्या २५० मीटर आहे. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागा. उत्तर १० येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाइतकेच. ५० किलोग्रॅमचा मुलगा तेवढ्या क्षणापुरता १०० किलोग्रॅमचा होतो! पडद्यावर फक्त चित्र थोडे हलते.

ही उणीव वैमानिकांच्या शिक्षकांना फार पूर्वी कळली होती. एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थाने १९२९ साली जमिनीवरच उड्डाण शिकवणारे यंत्र बनवले. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. तेथील भात्यांसारखे भाते वापरून त्याने शिकाऊ वैमानिकाची बैठकच कलती केली. पेटीच्या भात्याचा असा उपयोग आपल्याकडे कोणाला सुचला असता काय?

वळणांचा क्रम मात्र खेळ उत्तम शिकवतो, आणि धोका नेमका येथेच आहे. रस्ता ओळखीचा वाटला की पाय निर्धास्तपणे दाबला जातो. १ ऑगस्ट १९७६ रोजी याच मार्गावर निकी लाउडा या जगज्जेत्या चालकाची मोटार रस्ता सोडून आदळली आणि पेटली. इतर चालकांनी त्याला ओढून बाहेर काढले, म्हणून तो वाचला. तो हा रस्ता पुरता ओळखून होता. त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत नॉर्डश्लाइफेवर पुन्हा झाली नाही. खेळात अपघातानंतर एक बटण दाबले की मोटार पुन्हा नवीकोरी.

हा प्रयोग करून पाहा. वाहने नसलेला एखादा चढ निवडा. आधी वर्गातील प्रत्येकाने त्याचा कोन नुसत्या नजरेने ठरवून वहीत लिहावा. मग चढावर सरळ फळी ठेवा. कोनमापक उलटा धरून त्याची सरळ कड फळीला समांतर ठेवा आणि त्याच्या मध्यबिंदूतून खडा बांधलेला दोरा लोंबता सोडा. दोरा ९० अंशांपासून जितका सरकेल, तितका चढ. अंदाज बहुतेक वेळा खऱ्या कोनाच्या दुप्पट-तिप्पट निघतात. १९९५ साली डेनिस प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत असेच अंदाज घेतले, तेव्हा ५ अंशांची टेकडी लोकांना सुमारे २० अंशांची वाटली होती. शेवटी कॅमेरा चढाइतकाच कलता धरून त्याच रस्त्याचे छायाचित्र काढा, आणि तो रस्ता कधीही न पाहिलेल्या मित्राला कोन विचारा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा.