जुना स्टिरिओ, नवा सोर्स

ओरलला ‘सॅम्पलिंग थिअरम सांगा’ म्हटलं की आपण सगळे पोपटासारखं म्हणतो, ‘कमीत कमी दुप्पट फ्रिक्वेन्सी, सर!’ आणि सुटतो. पण हाच थिअरम घरच्या शोकेसमध्ये धूळ खात पडलाय, हे कितीजणांच्या लक्षात येतं?

आमच्या पंचवटीत वाडा सोडून फ्लॅटमध्ये गेलेल्या बऱ्याच घरांत एक जुना ॲम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यातले दोन स्पीकर असतात. सी.डी. प्लेयरची लेन्स गेलेली, म्हणून सगळंच बंद. आमच्या घरी सध्या यावरच वाद चालू आहे. आईचं म्हणणं, भंगारवाल्याला द्या. आजोबांचं म्हणणं, मोबाइलवर पलुस्करांचं भजन लावलं तर तंबोरा कुठे गेला तेच कळत नाही. माझ्या मते आजोबा बरोबर आहेत. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर धड असतील तर फक्त डिजिटल सोर्स बदलायचा, बाकीच्याला हात लावायचा नाही.

आधी आकडे बघू. सी.डी. 1982 साली आली, सोनी आणि फिलिप्सची. 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ. हा विचित्र आकडा आला कुठून? तेव्हा डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवायचे. सेकंदाला 50 फील्ड, प्रत्येक फील्डमध्ये 294 ओळी, ओळीत 3 सॅम्पल. गुणून बघा, 44,100! अमेरिकन पद्धतीत 60, 245 आणि 3. उत्तर तेच. दोन्हीकडे चालणारा, म्हणून हा आकडा. आता 44,100 गुणिले 16 गुणिले 2 चॅनेल, म्हणजे सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट. 128 चा एम.पी.थ्री त्याच्या अकराव्या हिश्श्यावर भागवतो. ‘फ्लॅक’ फाइल मात्र झिपसारखी असते, उघडली की बिट न् बिट परत.

बिटचं काम पण सोपं आहे. 6.02 गुणिले 16, अधिक 1.76, म्हणजे 98 डेसिबल. फिलिप्सच्या पहिल्या सी.डी. 100 प्लेयरमध्ये तर 14 बिटचाच कन्व्हर्टर होता, चौपट ओव्हरसॅम्पलिंग करून त्यांनी ती कसर भरून काढली. आज टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या पी.सी.एम. 5102 ए या चिपची डायनॅमिक रेंज 112 डेसिबल आहे, आणि तिचं तयार बोर्ड काही शे रुपयांत मिळतं. रास्पबेरी पायच्या आय.टू.एस. पिनांना जोडलं की झाला सोर्स! ज्यांना सोल्डरिंगचा कंटाळा आहे त्यांनी सरळ यू.एस.बी. डॅक घ्यावा.

डॅक घेताना ‘असिंक्रोनस यू.एस.बी.’ लिहिलंय का ते बघा. यात डॅकचं स्वतःचं घड्याळ चालतं आणि कॉम्प्युटर त्याच्या तालावर डेटा देतो. सी.डी. प्लेयरच्या डिजिटल आउटमध्ये उलटं असतं, घड्याळ सिग्नलमध्येच मिसळलेलं येतं आणि डॅकला ते शोधून काढावं लागतं. सॅम्पल वेळेवर पडलं नाही तर जिटर. 20 किलोहर्ट्झच्या पूर्ण जोराच्या टोनला अर्ध्या बिटाची चूक व्हायला साधारण 121 पिकोसेकंद पुरतात. (हे गणित स्वतः करा, एक डिफरन्शिएशन आहे फक्त.) ऐकायला भयंकर वाटतं, पण इतका कडक टोन गाण्यात जवळजवळ नसतोच.

मग 24 बिट, 192 किलोहर्ट्झच्या महाग फाइल्स? मेयर आणि मोरान यांनी 2007 मध्ये हाय-रेझोल्यूशन आवाज आणि तोच आवाज सी.डी.च्या दर्जावर आणलेला, असं लपवून ऐकवलं. 554 वेळांपैकी 276 वेळा बरोबर ओळखलं गेलं. म्हणजे नाणेफेकच की! त्यातून द. वि. पलुस्कर (जन्म नाशिकचा, 1921) गेले 1955 मध्ये. त्यांचं बरंचसं गाणं 78 च्या तबकड्यांवरचं, एका बाजूला तीनेक मिनिटं. तबकडीत जे नाहीच ते जास्त बिट टाकून येणार कुठून? तिथे तबकडीवरून उतरवून घेणारा माणूस चांगला हवा.

आता सगळ्यात मोठी फसवणूक. डॅकमधून साधारण 2 व्होल्ट निघतात, मोबाइलच्या हेडफोन जॅकमधून बहुधा 1 किंवा कमी. नवा जोडला की आवाज मोठा, आणि मोठा आवाज कानाला नेहमी ‘क्लिअर’ वाटतो. म्हणून तुलना करायची तर 200 हर्ट्झचा टोन लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर ए.सी. व्होल्टेज मोजा आणि दोन्ही सोर्स 1 टक्क्याच्या आत सारखे करा. 1 किलोहर्ट्झ नको, कारण स्वस्त मल्टीमीटर 400 च्या वर भरवशाचा नसतो. मग घरातल्या कुणाला तरी न सांगता केबल बदलायला लावा. फरक कळला नाही तर पैसे स्पीकरसाठी ठेवा.

जोडणीचं थोडंसं. जुन्या सेटला मागे पाच पिनांचं डिन सॉकेट असेल तर डिन-टू-आर.सी.ए. केबल लागेल. ‘फोनो’ला चुकूनही जोडू नका, तिथे तबकडीसाठी आर.आय.ए.ए. इक्वलायझेशन असतं, बास बदाबदा येईल. ‘ऑक्स’ किंवा ‘टेप’ वापरा. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर हम्म असा आवाज आला तर चार्जर काढून बघा. गेला तर ग्राउंड लूप आहे, आणि ऑप्टिकल इनपुटचा डॅक त्यावर उत्तम, कारण काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून करंट जात नाही. तो नसेल तर तूर्त बॅटरीवर लॅपटॉप चालवा, एक भजनांची सी.डी. आरामात होते.