दोन एकर की दोन हेक्टर?

बारावीचा निकाल लागला की साकोली-लाखनीपासून तुमसर-पवनीपर्यंतच्या पालकांचा हल्ली एकच प्रश्न असतो : ‘पोराला कम्प्युटरला घालावं की नको? प्रोग्राम तर आता एआयच लिहिते म्हणतात.’ भीती अगदीच खोटी नाही. साधासुधा कोड लिहून देण्याचं काम यंत्राकडे सरकतंय. पण त्याच यंत्रामुळे एका जुन्या, दुर्लक्षित कामाला भाव आलाय. ते म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे नेमकेपणाने लिहून ठेवणं. कंपन्यांत याला डॉक्युमेंटेशन म्हणतात आणि ते करणाऱ्याला टेक्निकल रायटर.

आजवर हे लिखाण माणसं वाचायची (खरं तर बहुतेक जण वाचायचेच नाहीत). आता ते एआय एजंट वाचतो. एजंट म्हणजे नुसती उत्तरं न देता आपल्या वतीने दुसरी सॉफ्टवेअर चालवून काम उरकणारा एआय. कोणतं सॉफ्टवेअर, म्हणजे साधन, केव्हा चालवायचं आणि त्याला काय माहिती पुरवायची, हे तो सोबतच्या वर्णनावरून ठरवतो. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली पद्धत जाहीर केली. 2025 मध्ये ओपनएआय आणि गूगलनेही ती उचलून धरली. तीत प्रत्येक साधनाला नाव, साध्या भाषेतलं वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात हवी याचा आराखडा असतो. कोड कितीही चोख असला तरी वर्णन मोघम असेल, तर एजंट गोंधळू शकतो.

आपल्याच भागातली कल्पना करू. धान खरेदी केंद्रासाठी कुणी एजंट बनवला आणि नोंदणीच्या साधनाचं वर्णन लिहिलं : ‘शेतकऱ्याची नोंद करते. क्षेत्र द्या.’ शेतकरी म्हणाला, ‘माह्याकडे दोन एकर धान आहे.’ एजंटने क्षेत्राच्या रकान्यात 2 भरले आणि मोकळा झाला. पण सातबाऱ्यावर क्षेत्र असतं हेक्टर-आरमध्ये. दोन एकर म्हणजे साधारण 0.81 हेक्टर. नोंद झाली जवळपास अडीचपट जमिनीची! केंद्रावरच्या बाबूने ‘एकर का हेक्टर, भाऊ?’ असं विचारलं असतं. यंत्र विचारेलच याचा भरवसा नाही.

आता हेच वर्णन असं लिहा : ‘चालू हंगामातल्या धान विक्रीसाठी शेतकऱ्याची नवी नोंद करते. क्षेत्र हेक्टरमध्ये द्या, उदा. 0.81. शेतकऱ्याने एकर सांगितल्यास 0.4047 ने गुणा, आलेला आकडा त्याला सांगून होकार घ्या. गट क्रमांक मजकूर म्हणून द्या. 112/1 हा भागाकार नाही. जुनी नोंद पाहण्यासाठी हे साधन वापरू नका.’ शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. साधन केव्हा वापरू नये हे सांगायला नवखे हटकून विसरतात. चूक कळवणाऱ्या संदेशांचंही तसंच. नुसतं ‘चूक 422’ आलं तर एजंट तोच आकडा पुन्हा पुन्हा पाठवत बसू शकतो. ‘क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा जास्त आहे, एकक तपासा’ असं आलं तर त्याला वाट सापडते.

घरात सातबारा पाहिलेल्या, वडिलांसोबत खरेदी केंद्रावर रांगेत उभं राहिलेल्या पोरीला ही एकराची खोच लगेच दिसेल. बंगळुरूच्या इंजिनिअरला ती सांगावी लागेल. राज्य मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये शेतीतल्या एआयसाठी 2025 ते 2029 चं ‘महाॲग्री-एआय’ धोरण 500 कोटींच्या तरतुदीसह मंजूर केलं, त्यामुळे शेतीतल्या अशा साधनांना यापुढे मागणी राहील. मात्र 500 कोटींचा आकडा ऐकून नोकऱ्यांचा पाऊस पडेल असं समजू नका.

निव्वळ टेक्निकल रायटरच्या जागा मोजक्याच असतात. बहुतेक पुणे, हैदराबाद, बंगळुरूकडे. पहिला मसुदा आता एआयच लिहून देतो, तो पडताळणारा माणूस लागतो. म्हणून यासाठी बीसीए, बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग सोडू नका, त्याच्या जोडीने हे शिका. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची तोंडओळख, माहिती मांडायचं जेसन, मजकूर लिहायचं मार्कडाऊन, बदलांची नोंद ठेवणारं गिट एवढ्यावर सुरुवात होते. लिहायचं बहुधा इंग्रजीत, पण छोटी, बिनचूक वाक्यं पुरतात. मराठी माध्यमाच्या मुलांनी बिचकू नये. गूगलचे टेक्निकल रायटिंगचे धडे ऑनलाइन फुकट आहेत.

सुट्टीत एक करून पाहा. एकराचं हेक्टर करणारं छोटं साधन लिहा, त्याचं वर्णन लिहा आणि घरी बोलतो तशा भाषेत एजंटला वीसेक प्रश्न विचारा. कुठे चुकला ते टिपून ठेवा. मग कोडला हात न लावता फक्त वर्णन सुधारा आणि तेच प्रश्न पुन्हा विचारा. दोन्ही निकाल गिटहब या संकेतस्थळावर टाका. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा हे दाखवणं कामी येईल.

आणि पालकांनो, ‘एआय एजंट तज्ज्ञ बना’ म्हणत कुणी भरमसाट फी मागितली, तर आधी एवढंच विचारा : तुमच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेलं डॉक्युमेंटेशन कुठे पाहायला मिळेल? दाखवता आलं नाही, तर पैसे खिशातच राहू द्या.