जनमताची मोजणी : 'फ्री बेसिक्स' वादाचा एक अभ्यास

लोकशाहीत जनमत श्रेष्ठ असते, हे आपण शाळेतल्या नागरिकशास्त्रापासून ऐकत आलो आहोत. परंतु जनमत म्हणजे नेमके काय आणि ते ओळखावे कसे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. निवडणुकीत मते मोजली की काम भागते. एखाद्या सरकारी यंत्रणेने धोरण ठरविण्यापूर्वी 'तुमचे म्हणणे काय?' असे जनतेला विचारले, तर मात्र आलेली पत्रे मोजावयाची की वाचावयाची, हे ठरवावेच लागते. २०१५-१६ मध्ये फेसबुक कंपनीच्या 'फ्री बेसिक्स' या सेवेवरून आपल्या देशात जो वाद झाला, त्यात हा प्रश्न अगदी उघडपणे पुढे आला. म्हणून राज्यशास्त्राच्या अभ्यासाच्या दृष्टीने त्या वादाचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे मी योजिले आहे.

योजनेचे स्वरूप

फेसबुकचे संस्थापक मार्क झुकेरबर्ग यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये 'इंटरनेट डॉट ऑर्ग' हा उपक्रम जाहीर केला. जगातील ज्या कोट्यवधी लोकांना इंटरनेट मिळत नाही त्यांच्यापर्यंत ते पोचविणे, हा त्याचा सांगितलेला हेतू. भारतात हा उपक्रम फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्स या कंपनीच्या साहाय्याने सुरू झाला. आरंभी ज्या राज्यांत तो चालू झाला, त्यांत महाराष्ट्रही होता. हवामान, आरोग्य, नोकऱ्या, बातम्या अशा विषयांची निवडक संकेतस्थळे आणि त्यांच्या जोडीला फेसबुक, एवढे ग्राहकाने डेटाचे पैसे न देता पाहावे. त्या कुंपणाबाहेर पाऊल टाकले की पैसे मोजावेत, अशी ही व्यवस्था होती. सप्टेंबर २०१५ मध्ये तिला 'फ्री बेसिक्स' हे नवे नाव मिळाले.

या योजनेचे समर्थन झुकेरबर्ग यांनी २८ डिसेंबर २०१५ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त लेख लिहून स्वतःच केले. त्यांच्या युक्तिवादाचा सारांश असा : सार्वजनिक वाचनालयात जगातली सगळी पुस्तके नसतात, तरी वाचनालय उपयोगी असते, सरकारी रुग्णालयात प्रत्येक रोगावर उपचार होत नाहीत, तरी तेथे जीव वाचतात, मग गरिबाला थोडे इंटरनेट फुकट मिळाले तर बिघडले काय? पुढे त्यांनी महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचे उदाहरणही दिले. या सेवेमुळे त्याला हवामान आणि शेतमालाचे भाव कळू लागले, असे त्यांचे म्हणणे होते.

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. देशातील बहुसंख्य लोक त्या वेळी इंटरनेटपासून दूर होते. ज्याच्या घरी पाणीच येत नाही त्याला नळाच्या मालकीवर व्याख्यान देऊ नये, हे मलाही मान्य आहे. परंतु वाचनालयाची उपमा घ्यावयाची, तर ती पूर्ण घ्यावी. आपल्या वाचनालयात पुस्तकांची निवड ग्रंथपाल आणि समिती करतात. कोणी प्रकाशक करीत नाही. या वाचनालयाचा चालक मात्र स्वतःच एक मोठा प्रकाशक होता. प्रत्येक टेबलावर त्याचे स्वतःचे पुस्तक मांडलेले होते. इतर प्रकाशकांना प्रवेश होता, पण त्याचे नियम तो ठरवीत होता. शिवाय वाचक उघडील ते पान त्याच्या यंत्रणेतूनच वाचकाच्या हाती पडत होते. वाद फुकटपणाविषयी नव्हता. वाद होता तो या व्यवस्थेविषयी.

तत्त्वाचा प्रश्न

या वादात 'नेट न्यूट्रॅलिटी' हा शब्द वारंवार आला. अमेरिकेतील कायद्याचे अभ्यासक टिम वू यांनी २००३ मध्ये तो रूढ केला. मराठीत आपण त्याला इंटरनेटची तटस्थता म्हणू. टपालाच्या उदाहरणाने ही कल्पना चटकन ध्यानात येते. पत्राला किती तिकीट लावावयाचे हे त्याच्या वजनावरून ठरते. आत काय लिहिले आहे आणि ते कोणाला लिहिले आहे, याच्याशी टपालखात्याला कर्तव्य नसते. त्याचप्रमाणे डेटा वाहून नेणाऱ्या कंपनीने किती डेटा वापरला एवढेच पाहावे. तो कोणत्या संकेतस्थळाचा आहे यावरून दर कमी-अधिक करू नये. एकाचे पत्र फुकट आणि दुसऱ्याचे पैसे देऊन, असे झाले की लोक साहजिकच फुकट पत्राच्या मागे जातात. मग उद्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी नवे संकेतस्थळ काढले, तर ते कितीही चांगले असो, गरीब वाचकाच्या दृष्टीने ते महागच ठरते.

जनतेची पहिली प्रतिक्रिया

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, २७ मार्च २०१५ रोजी इंटरनेटवरील सेवांविषयी एक चर्चापत्र काढले. त्याची पाने ११८ आणि प्रश्न २०. एरवी असला दस्तऐवज तज्ज्ञांच्या टेबलापलीकडे जात नाही. परंतु काही स्वयंसेवकांनी 'सेव्ह द इंटरनेट' या मोहिमेखाली त्याचा सोपा सारांश केला, प्रश्नांची उत्तरे तयार केली आणि लोकांना ती पाठविण्याचे आवाहन केले. दहा लाखांहून अधिक ई-पत्रे ट्रायकडे गेली. याच सुमारास एअरटेल कंपनीच्या अशाच प्रकारच्या 'एअरटेल झीरो' योजनेतून फ्लिपकार्टने, तर 'इंटरनेट डॉट ऑर्ग'मधून क्लिअरट्रिप आणि एनडीटीव्ही यांनी अंग काढून घेतले. रुक्ष तांत्रिक वाटणाऱ्या विषयावर इतक्या लोकांनी बोलावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

दुसरी फेरी

९ डिसेंबर २०१५ रोजी ट्रायने दुसरे चर्चापत्र काढले. हे छोटे होते आणि त्यात प्रश्न चारच होते. वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर आकारण्यास परवानगी द्यावी काय? दिल्यास भेदभाव होऊ नये म्हणून कोणते उपाय करावेत? इंटरनेट फुकट पोचविण्याचा दुसरा एखादा मार्ग आहे काय? आणि आणखी काही सांगावयाचे आहे काय? माझ्या मते यांतला तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा होता.

फेसबुकने मोठी मोहीम उघडली. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या, शहरांतून फलक लागले. फेसबुक उघडणाऱ्याला 'फ्री बेसिक्स वाचवा' असे आवाहन दिसे, आणि एक कळ दाबली की त्याच्या नावाने तयार पत्र ट्रायकडे जाई. ट्रायकडे सुमारे २४ लाख पत्रे आली. त्यांतली सुमारे १९ लाख फेसबुकच्या या मोहिमेतून आलेली होती. निव्वळ मोजणीने पाहिले, तर फेसबुकचा विजय निर्विवाद होता.

परंतु त्या तयार पत्रात चार प्रश्नांची उत्तरे नव्हती. फ्री बेसिक्स चांगले आहे, ते राहू द्या, एवढेच त्यात म्हटले होते. आणि फ्री बेसिक्स राहावे काय, असे ट्रायने विचारलेलेच नव्हते. जानेवारी २०१६ मध्ये ट्रायने फेसबुकला कडक शब्दांत कळविले की, या प्रकाराने एका विचारविनिमयाला आखून घडविलेल्या मतमोजणीचे रूप येत आहे.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. विरोधकांची पत्रेही तयार मजकुराचीच नव्हती काय? होय, पुष्कळशी होती. तो दोष दोन्ही बाजूंना लागू आहे. तथापि एक फरक उरतोच. विरोधकांच्या तयार मजकुरात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर होते, कारणे होती. ती चूक की बरोबर हे तपासता येत होते. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था येथील काही प्राध्यापकांनी स्वतंत्र निवेदन काढून योजनेतील उणिवा दाखविल्या. नंदन निलेकणी यांनी तर तिसऱ्याच प्रश्नाला हात घातला : अनुदान जसे थेट खात्यावर जमा होते तसा थोडा डेटा गरिबाला थेट द्यावा, तो कोठे वापरावयाचा हे त्याचे त्याने ठरवावे. कारण हे शंभरदा सांगितले म्हणून शंभर होत नाही, आणि एकदाच सांगितले म्हणून कमीही ठरत नाही.

निर्णय आणि नंतर

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम जाहीर केला. मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास मनाई झाली. नियम मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये, कमाल ५० लाख रुपये दंड ठरला. आणीबाणीच्या प्रसंगी सवलत ठेवली. काही दिवसांतच फेसबुकने ही सेवा भारतातून मागे घेतली. कंपनीच्या संचालक मंडळातील मार्क आंद्रेसन यांनी, वसाहतवादाच्या विरोधाने भारताचे आधीच आर्थिक नुकसान झाले आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले, आणि संताप उसळताच क्षमा मागितली. झुकेरबर्ग यांनीही त्या उद्गारांशी आपला संबंध नाकारला. दात्याच्या मनात घेणाऱ्याविषयी काय असते, याची पुष्कळांना जी शंका होती ती या एका वाक्याने बळावली.

पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली. आरंभी डेटा फुकट मिळाला, नंतरही तो स्वस्त राहिला; आणि तो कोणत्याही संकेतस्थळासाठी वापरता येत होता. एप्रिल २०२० मध्ये याच फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये गुंतवून ९.९९ टक्के हिस्सा घेतला. २०१६ चा नियम झाला म्हणून बड्या कंपन्यांचे बळ कमी झाले, असे मानण्याचे कारण नाही. एक दार बंद झाले, एवढेच.

उरलेला प्रश्न

या वादातील एक उणीव मला अस्वस्थ करते. लाखो पत्रे गेली. पण ज्याच्याकडे इंटरनेट नव्हते त्याला ई-पत्र कसे पाठविता येणार? दोन्ही पक्ष गरिबाच्या नावाने बोलले. फेसबुकने महाराष्ट्रातील शेतकऱ्याचे उदाहरण दिले आणि विरोधकांनी त्याच्या हक्कांचे; त्या शेतकऱ्याला मात्र ते चार प्रश्न कोणी विचारले नाहीत. असली चर्चापत्रे बहुधा इंग्रजीत निघतात आणि मुदतही थोडी असते. निर्णय योग्य झाला असे मी मानतो. परंतु तो ज्यांच्यासाठी झाला त्यांचे मत त्यात नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

आपल्यासारख्या कला महाविद्यालयाला येथे करण्याजोगे काम आहे. असे चर्चापत्र पुन्हा निघेल तेव्हा त्यातील प्रश्न सोप्या मराठीत उतरवावेत, आसपासच्या गावांत वाचून दाखवावेत आणि लोक जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवावे. राज्यशास्त्राच्या, अर्थशास्त्राच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी मिळून हे केले, तर अशी पन्नास पत्रेसुद्धा १९ लाख तयार पत्रांहून अधिक काही सांगतील.